पान आणि साल पाहून अनोळखी झाड कसे ओळखावे

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात ‘सोने’ म्हणून ज्या फांद्यांच्या जुड्या येतात, त्यांत आपट्याबरोबर कांचनाच्याही पुष्कळ असतात. विकणारा जाणूनबुजून फसवतो असे नाही. दोन्ही पाने टोकाकडून मधोमध दुभंगलेली असतात, दोन्ही झाडे एकमेकांची जवळची नातलग आहेत आणि ‘दोन पाळ्यांचे पान म्हणजे आपटा’ एवढीच खूण बहुतेकांना ठाऊक असते. ती पाने शेजारी शेजारी ठेवली, तर फरक लगेच दिसतो. आपट्याचे पान लहान, जाडसर, चामड्यासारखे आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते. कांचनाचे पान तळव्याएवढे मोठे आणि हाताला पातळ लागते. झाडापाशी गेल्यास आणखी एक पुरावा मिळतो: आपटा हे वेडेवाकडे वाढणारे, खाली झुकलेल्या फांद्यांचे बुटके झाड असून त्याची साल काळपट व खरबरीत असते.

झाड ओळखण्याची पुढे सांगितलेली सगळी पद्धत या उदाहरणात आलेली आहे. एका खुणेवरून झाडाला नाव देऊ नये. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या निदान तीन खुणा जुळल्या, म्हणजे फांदीवरची पानांची मांडणी, पानाची घडण आणि सालीचे रूप या तिन्हींनी एकच नाव सांगितले, तर ते नाव वहीत लिहावे. तोवर वहीत फक्त वर्णन असावे. मोबाइलवरचे ॲप किंवा शेजारचा जाणकार नाव सांगत असला, तरी आधी वर्णन पूर्ण करावे, असा माझा आग्रह आहे. नाव एकदा कानावर पडले की डोळे त्या नावाला जुळणाऱ्या खुणाच पाहू लागतात आणि न जुळणाऱ्या खुणा नकळत सोडून देतात.

साहित्य थोडेच लागते. वही, पेन्सिल, छोटी मोजपट्टी आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढ्यावर सह्याद्रीतल्या आणि देशावरच्या बहुतेक झाडांपाशी काम भागते. दुर्बीण असेल तर उंच झाडांसाठी उपयोगी पडते. कोयता किंवा सुरी मात्र नेऊ नये. अभयारण्यात आणि राखीव जंगलात फांदी तोडणे हा गुन्हा आहे आणि देवराईत तर गावकऱ्यांचा शब्द पाळलाच पाहिजे. खाली पडलेली डहाळी किंवा हाताशी आलेली फांदी न तोडता पाहणे पुरेसे असते.

पान: मांडणीपासून सुरुवात

हाती आलेल्या पानाच्या आकाराकडे आपले लक्ष सर्वांत आधी जाते, पण आकाराला शेवटचे स्थान द्यावे. एकाच झाडावर उन्हातले पान लहान व जाड, सावलीतले मोठे व पातळ असते. तोडलेल्या बुंध्यातून आलेल्या सागाच्या फुटव्याची पाने मोठ्या झाडाच्या पानांपेक्षा कितीतरी मोठी असतात, आणि फणसाच्या रोपाची पाने कधीकधी खोल खाचांची असतात, जी वयात आलेल्या फणसावर दिसत नाहीत. म्हणून पाहायचे पान नेहमी वाढलेल्या झाडाच्या, मध्यम वयाच्या, कीड न लागलेल्या फांदीवरचे निवडावे आणि एकाऐवजी पाचसहा पाने पाहावीत.

पहिला प्रश्न असा: पाने फांदीवर समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत, की एकाच पेराभोवती घोळक्याने आहेत? समोरासमोर पाने असणारी झाडे तुलनेने कमी असल्यामुळे हा एकच प्रश्न निम्म्याहून अधिक नावे बाजूला काढतो. साग, जांभूळ, कुडा, चंदन, पारिजातक, कदंब आणि हेदू ही समोरासमोर पानांची झाडे आहेत. हेदूचे पान हृदयाकृती असल्याने दुरून पिंपळाची आठवण होते. पण पिंपळाची पाने एकाआड एक असतात, देठ तोडल्यावर पांढरा चीक येतो आणि टोक लांब शेपटीसारखे असते. हेदूला चीक नसतो, आणि समोरासमोरच्या दोन देठांच्या मधोमध, फांदीला चिकटलेली लहान उपपर्णे, म्हणजे देठाच्या तळाशी येणारी पानासारखी बारीक आवरणे, कोवळ्या शेंड्याजवळ दिसतात. कदंबाच्या कुळातली झाडे ओळखण्यासाठी ही देठांमधली उपपर्णे म्हणजे फार भरवशाची खूण आहे.

दुसरा प्रश्न सोपा वाटतो, पण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो: हातात आहे ते पूर्ण पान आहे, की पानाचा एक भाग? कडुलिंबाची आपण जी ‘पाने’ म्हणतो, त्या खरे तर पर्णिका आहेत आणि ज्या लांब काडीवर त्या दोन्ही बाजूंना लागलेल्या असतात ती काडी पर्णिकांसह मिळून एक संयुक्त पान होते. हे ठरवण्याची खात्रीची रीत अशी की देठ जिथे फांदीला मिळतो त्या बेचक्यात डोळा, म्हणजे पुढच्या फुटव्याचा कोंब, आहे का ते पाहावे. खऱ्या पानाच्या बेचक्यात डोळा असतो. पर्णिकेच्या बेचक्यात कधीच नसतो. काडीच्या टोकाला वाढणारा शेंडा नसणे ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू होय.

ही रीत किती उपयोगाची आहे, ते सातवीण आणि काटेसावर यांच्यापाशी कळते. दोन्हींवर पाचसात पाने एका बिंदूतून पंज्यासारखी पसरलेली दिसतात. मीही सुरुवातीला सातविणीला ‘हस्ताकृती संयुक्त पान’ असे वहीत लिहून ठेवले होते आणि पुढे बराच काळ ती नोंद तशीच राहिली. फांदी जवळ ओढून पाहिली तेव्हा प्रत्येक पानाचा आखूड देठ थेट फांदीवरून निघालेला दिसला आणि त्या वर्तुळाच्या मधून फांदी पुढे वाढलेली होती; म्हणजे ती स्वतंत्र साधी पाने घोळक्याने आलेली होती. काटेसावरीत तसे नसते. तिच्या सगळ्या पर्णिका एका लांब देठाच्या टोकाला जुळलेल्या असतात आणि डोळा असतो तो त्या लांब देठाच्या तळाशी. शिवाय सातविणीचे पान खुडले की दुधासारखा चीक येतो, सावरीला तो येत नाही.

संयुक्त पान ठरल्यावर पर्णिका मोजाव्यात. तीन पर्णिका असतील तर पळस, पांगारा, बेल आणि वायवर्णा ही नावे समोर येतात. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपल्या तोंडी असल्यामुळे त्रिदल दिसले की पळस म्हणण्याचा मोह होतो. तेव्हा पर्णिका जाड, खरबरीत आणि तळाला शिरांचे जाळे उठून दिसणारी आहे का, ते पाहावे. पांगाऱ्याची पर्णिका पातळ व मऊ असते आणि त्याच्या फांद्यांवर लहान काळे काटे असतात. बेलाचे पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहिले तर असंख्य पारदर्शक ठिपके दिसतात. त्या सुगंधी तेलाच्या पिशव्या आहेत आणि पान चुरगळल्यावर येणारा वास त्यांचाच असतो.

एकदा विभागलेले आणि दोनदा विभागलेले पान यांतला भेदही असाच कामाचा आहे. कडुलिंबाचे पान एकदाच विभागलेले असते, तर त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या बकाणलिंबाचे पान दोनदा, कधी तीनदा विभागलेले असते. गुलमोहर, शिरीष, खैर, बाभूळ आणि रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष हे सगळे दोनदा विभागलेल्या पानांचे. त्यांतला फरक मग काट्यांनी आणि सालीने करावा: बाभळीचे काटे सरळ, लांब आणि पांढुरके असतात, खैराचे आखूड, आकड्यासारखे वाकलेले आणि जोडीने असतात.

यानंतर देठाचा तळ, पानाची खालची बाजू आणि शिरा भिंगाने पाहाव्यात. बहुतेक लोक पानाची वरची बाजू पाहून थांबतात. खरे तर झाडाची ओळख पटवणाऱ्या बारीक गोष्टी खालच्या बाजूला जास्त असतात. पानाच्या तळापासूनच तीन किंवा पाच ठळक शिरा निघून टोकाकडे जात असतील, तर बोर, दालचिनी किंवा काजरा यांचा विचार करावा. बोराला काटे असतात आणि पानाची खालची बाजू पांढुरकी, लवयुक्त असते; काजऱ्याची पाने गुळगुळीत व समोरासमोर असतात, आणि त्याच्या बिया जहरी असल्यामुळे ही ओळख केवळ हौसेची राहत नाही. आसाण्याच्या पानात मुख्य शिरेपासून निघालेल्या समांतर उपशिरा थेट कडेपर्यंत पोहोचतात, इतक्या सरळ की पानावर कुणी पट्टीने रेघा मारल्यासारखे वाटते.

वड, पिंपळ, उंबर, पायर आणि नांदरूक या मंडळींची खूण शेंड्याला असते. कोवळे पान एका टोकदार आवरणात गुंडाळलेले असते. ते आवरण गळून पडले की फांदीभोवती अंगठीसारखी रेघ राहते. अंगठी आणि पांढरा चीक दोन्ही असतील तर झाड या गोतावळ्यातले किंवा त्यांचा नातलग असलेल्या फणसाचे आहे, असे समजावे. अंगठी आहे पण चीक नाही, असे असेल तर सोनचाफा आठवावा.

वास शेवटी घ्यावा. आंब्याच्या पानाला कैरीचा, कवठाच्या पानाला बडीशेपेसारखा, जांभळाच्या पानाला त्याच्या फळाची आठवण देणारा वास असतो. सागाचे कोवळे पान बोटांत चोळले तर बोटे लाल होतात, आणि तो रंग म्हणजे सागाची फार भरवशाची खूण आहे. मात्र वास घेण्याआधी पुढची सूचना वाचावी.

काय हाताळू नये

बिब्ब्याच्या रसाने कातडीवर फोड येतात आणि काहींना नुसत्या स्पर्शानेही त्रास होतो. त्याची मोठी, टोकाकडे रुंद, खालून राखाडी पांढुरकी पाने फांद्यांच्या शेवटी दाटीने असतात. ज्या झाडाचा चीक किंवा रस हवा लागताच काळा पडतो, ते झाड हाताळणे तिथेच थांबवावे. खाडीकाठच्या गेव्याचा पांढरा चीक डोळ्यात गेल्यास दृष्टीला इजा करतो, त्यामुळे कांदळवनात पाने खुडूच नयेत. अनोळखी पान, फळ किंवा साल कधीही जिभेला लावू नये.

साल: हाताने वाचायची गोष्ट

पानगळीच्या महिन्यांत, म्हणजे माघापासून वैशाखापर्यंत, किंवा पाने पंधरा मीटर उंच असतील तेव्हा सालच आधी भेटते. साल पाहताना छातीच्या उंचीवर पाहावे. बुंध्यालगतची साल वणव्याने, गुरांच्या घासण्याने आणि मातीने बदललेली असते. तिच्या चार गोष्टी टिपाव्यात: पोत, रंग, सुटण्याची तऱ्हा आणि काटे. रंगाची नोंद करताना साल ओली आहे की कोरडी ते जरूर लिहावे, कारण कोकणात पावसाळ्यात शेवाळ आणि दगडफुलाच्या थरामुळे पांढरे खोडही हिरवे-काळे दिसते.

सालीवरून लांबूनच ओळखता येणारे झाड म्हणजे कांडोळ. खडकाळ उतारावर, निष्पर्ण अवस्थेत, गुळगुळीत पांढऱ्या-गुलाबी खोडाचे हे झाड चांदण्यात इतके उजळ दिसते की त्याला ‘भुत्या’ असेही म्हणतात. त्याची साल कागदासारख्या पापुद्र्यांनी सुटते. सालईची सालही पापुद्र्यांनी सुटते, पण तिच्यावर हिरवट राखाडी झाक असते आणि जखमेपाशी साकळलेल्या डिंकाला धुपासारखा वास येतो. पाने आली की शंका उरत नाही: कांडोळाचे पान पाच पाळ्यांचे साधे पान असते, सालईचे पान दातेरी पर्णिकांचे संयुक्त.

काट्यांच्या खोडाबाबत थोडे सावध राहावे. कोवळ्या काटेसावरीच्या खोडावर शंकूसारखे जाड काटे असतात, पण झाड वयात आले की खालचे काटे झडतात आणि साल करडी, उभ्या भेगांची होते. त्यामुळे ‘काटे नाहीत म्हणून सावर नाही’ हा निष्कर्ष चुकतो. कोकणात तिरफळाच्या खोडावरही तसेच फुगीर बुडाचे काटे असतात. त्याची पाने पिसासारखी संयुक्त आणि चुरगळल्यावर लिंबाच्या जातीचा तिखट वास देणारी असतात. आसाण्याच्या तरुण खोडावरही कठीण काटे असतात, जे म्हातारपणी दिसेनासे होतात. तेव्हा जवळपास त्याच जातीचे लहान झाड आहे का, ते शोधावे आणि दोन्ही वयांची साल पाहावी. तोडणी झालेली झाडे तर अजूनच वेगळी दिसतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपे तयार करायची जमीन भाजण्यासाठी, ऐनाच्या फांद्या वर्षानुवर्षे तोडल्या जातात, आणि अशा ऐनाचे खोड गाठीगाठींचे, डोके बोडके होऊन जाते.

पाने गळलेली असतील तर झाडाखालचा पाचोळा पाहावा. मात्र तो त्याच झाडाचा आहे याची खात्री करावी, कारण वारा शेजारच्या झाडाची पाने आणून टाकतो. फांदीवर अडकून राहिलेले एखादे वाळके पान मिळाले तर ते पाचोळ्यातल्या शंभर पानांपेक्षा भरवशाचे. संयुक्त पानांच्या झाडाखाली पर्णिका आणि त्यांच्या मोकळ्या काड्या वेगवेगळ्या पडलेल्या सापडतात. काड्या दिसल्या की सुट्या पर्णिकेला पान समजण्याची चूक टळते.

एक झाड, सुरुवातीपासून

घाटातल्या एखाद्या पायवाटेच्या कडेला उभे असलेले एक उंच, सरळ खोडाचे झाड घेऊ. डहाळी वाकवून पाहिली: पाने साधी, समोरासमोर किंवा किंचित खालीवर, लांबट, चामड्यासारखी, कडा अखंड. चीक नाही, वास नाही, काटे नाहीत. अंगठीची रेघ नाही, देठांमध्ये उपपर्णे नाहीत. इथवर साग गळला, कारण पान खरबरीत नाही. कुडा गळला, कारण चीक नाही. कदंब आणि हेदू गळले, कारण उपपर्णे नाहीत. जांभूळ उरले असते, पण चुरगळलेल्या पानाला वास नाही आणि जांभळाच्या पानाच्या कडेलगत धावणारी बारीक शीरही नाही.

आता पान उलटे करून देठाजवळची मुख्य शीर भिंगाखाली धरली. शिरेवर, पानाच्या अगदी तळाशी, मोहरीएवढ्या दोन गाठी दिसल्या. या ग्रंथी आहेत, आणि त्या दिसताच शोध ऐन, अर्जुन, किंजळ या नातलगांपुरता उरतो. सगळ्या पानांवर त्या सारख्या ठळक नसतात, म्हणून चारपाच पाने उलटावीत. पानावरून या तिघांत निवड करणे अवघड आहे. म्हणून खोडापाशी जावे. साल काळपट राखाडी, जाड, उभ्याआडव्या खोल भेगांनी चौकोनी खवल्यांत फुटलेली, मगरीच्या पाठीसारखी. तळहात फिरवला तर प्रत्येक खवल्याची कड बोटांना लागते. अर्जुनाची साल याच्या अगदी उलट असते: गुळगुळीत, फिकट, हिरवट पांढरी, मोठ्या पातळ तुकड्यांनी सुटणारी, आणि झाड बहुधा नदी-ओढ्याच्या काठी. खोल चौकोनी भेगा म्हणजे ऐन. विदर्भात त्यालाच येन म्हणतात, कुठे सादडा म्हणतात, आणि गोव्यात तो माट्टी या नावाने तिथला राज्यवृक्ष आहे.

स्थानिक नावांबद्दल इथेच एक सांगणे आहे. ती जरूर विचारावीत आणि ज्या गावात विचारली त्या गावाच्या नावासह लिहावीत, कारण एकच नाव दोन झाडांना असू शकते. खानदेशातल्या कोरड्या डोंगरांवरचा अंजन हा दोन जुळ्या पर्णिकांचा, पानझडी वृक्ष आहे. महाबळेश्वरच्या सदाहरित रानातली अंजनी, जिलाही काही जण अंजन म्हणतात, ती समोरासमोर साध्या चकचकीत पानांची, निळ्या फुलांची आहे. नाव जवळजवळ सारखे असले, तरी या दोघांचे कूळ वेगळे आहे. म्हणून शास्त्रीय नाव सापडले की तेही नोंदवावे.

शंका उरल्यास पडलेली डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत, एक पान उलटे व एक सुलटे ठेवून, वजनाखाली दाबून वाळवावी. पहिले काही दिवस कागद रोज बदलावा, नाहीतर पाने काळी पडतात. सोबत तारीख, ठिकाण, झाडाची अंदाजे उंची, सालीचे वर्णन आणि चीक-वासाची नोंद असलेली चिठ्ठी ठेवावी, कारण वाळलेल्या नमुन्यात नेमके हेच हरवते. छायाचित्रे काढायची तर पूर्ण झाड, हात शेजारी ठेवून खोड, पानाच्या दोन्ही बाजू आणि देठाचा तळ, एवढी काढावीत. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राचा आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर असे दोन मोठे वनस्पतिसंग्रह आहेत. परवानगी घेऊन तिथल्या नावनिशीच्या नमुन्यांशी आपला नमुना ताडून पाहता येतो.

आणि त्या झाडाकडे फळांच्या दिवसांत पुन्हा जावे. ऐन आणि अर्जुन दोघांचीही फळे पाच पंखांची असतात, पण ऐनाच्या रुंद पंखांवरच्या बारीक रेघा आडव्या सरळ जातात, तर अर्जुनाच्या पंखांवर त्या वर वळतात. किंजळाच्या लहान फळाला एक पंख मोठा आणि दोन छोटे असतात. झाडाखाली पडलेले एखादे फळ भिंगाखाली धरून रेघा आडव्या दिसल्या, म्हणजे वहीत ‘ऐन’ या नावापुढे काढलेले प्रश्नचिन्ह खोडून टाकावे.